डायनामो चार्ज का करत नाही? बिघाड शोधण्याच्या क्रमाचा एक छोटा इतिहास

जुन्या गाडीत किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन जरा वेगात आलं की तो विझतो. बहुतेकांना वाटतं, हा दिवा बॅटरीची तब्येत सांगतो. तसं काही नाही. त्याचं एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला जोडलेलं असतं आणि दुसरं डायनामोला. बॅटरीकडे बारा व्होल्ट, थांबलेल्या डायनामोकडे शून्य. या फरकामुळे दिव्यातून प्रवाह वाहतो आणि तो पेटतो. डायनामो फिरायला लागून त्याचा दाब बॅटरीइतका झाला की दोन्ही टोकं सारखी होतात, प्रवाह वाहायला कारणच उरत नाही, आणि दिवा विझतो. दिवा विझला याचा अर्थ एवढाच, की दोन बाजूंमधला फरक संपला.

हे एकदा डोक्यात बसलं की तोच दिवा बरंच काही सांगू लागतो. इंजिन पळवलं तरी दिवा पूर्ण विझत नाही, मंद मिणमिणत राहतो? मग डायनामो मेलेला नाही. तो वीज तयार करतोय, पण वाटेत कुठेतरी थोडा दाब गळतोय. कटआऊटचे पॉइंट काळे पडले असतील, नाहीतर एखादी वायर सैल असेल. दिवा इंजिनच्या वेगाबरोबर जास्तच उजळ होत गेला, तर डायनामो आणि बॅटरी यांच्यातला दुवा तुटलेला असण्याची शक्यता जास्त. आणि किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर सर्वात आधी बल्ब बघायचा. पाच मिनिटांचं काम, पण हे सोडून थेट डायनामो खोलून बसलेले लोक कमी नाहीत.

माझा पीएचडीचा विषय मोटार दुरुस्तीचा इतिहास. हे ऐकल्यावर लोक विचारतात, म्हणजे कारखान्यांचा इतिहास का? तर नाही. कारखान्यांवर आणि त्यांच्या मालकांवर भरपूर लिहिलं गेलंय. मी सध्या वाचतेय ती जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमधली बिघाड शोधण्याची पानं. 'गाडी चार्ज करत नसेल तर आधी हे बघा, मग ते बघा' अशी. ही पानं इतिहासाची साधनं म्हणून फारसं कुणी वाचत नाही. पण बघा, कुठल्याही यंत्राची जाहिरात त्याचे गुण सांगते. ते कुठे कमी पडेल, किती वेळा कमी पडेल आणि तेव्हा त्याच्याजवळ कोण उभं असेल, हे मात्र त्याला बनवणाऱ्यानं याच पानांवर लिहून ठेवलेलं असतं. चार्जिंगचा विषय त्यासाठी उत्तम, कारण पन्नास वर्षांत या पानांचा सूर दोनदा बदलला.

सुरुवात बॅटरीपासून करू. पहिल्या पिढीच्या मोटारींना मोठ्या बॅटरीची गरजच नव्हती. इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं, ठिणगी मॅग्नेटो द्यायचा आणि दिवे तेलावर किंवा अॅसिटिलीन वायूवर चालायचे. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हे गणित फिरलं. हँडल मारताना मनगट मोडायची भीती गेली हे खरंच, पण त्या बदल्यात गाडीत एक सततचं देणं आलं. स्टार्टर काही सेकंदांत बॅटरीतून प्रचंड प्रवाह ओढतो. तो परत कोण भरणार? म्हणून इंजिनवर फिरणारा डायनामो. इथून पुढे प्रत्येक गाडीत विजेचं एक जमाखर्चाचं खातं उघडलं गेलं, आणि ते खातं जुळतंय की नाही ही कटकट ड्रायव्हरच्या माथी आली.

अडचण अशी, की डायनामो जितक्या वेगानं फिरवाल तितका जास्त दाब देतो. गाडी मात्र कधी मंद, कधी सुसाट. रेल्वेच्या डब्यांत हाच प्रश्न आधी आला होता. तिथे स्टोन कंपनीच्या पद्धतीत चाकाच्या आसावरून डायनामोला जाणारा पट्टा एका मर्यादेनंतर मुद्दाम घसरू दिला जायचा. गाडी कितीही पळो, डायनामो ठरावीक वेगापुढे जातच नसे. साधी आणि हुशार युक्ती. मोटारीत मात्र दुसरा मार्ग घेतला गेला, तो म्हणजे तिसरा ब्रश.

साध्या डायनामोत कम्युटेटरवर दोन ब्रश टेकलेले असतात, वीज बाहेर काढायला. आपले मिस्त्री त्यांना सरळ 'कार्बन' म्हणतात, आणि मीही पुढे तेच म्हणेन. त्या दोघांच्या मधे एक तिसरा कार्बन बसवला आणि चुंबकत्व निर्माण करणाऱ्या फील्ड कॉइलला त्यावरून वीज दिली, तर वेग वाढल्यावर ती वीज आपोआप कमी होत जाते आणि डायनामो स्वतःलाच आवरतो. हा तिसरा कार्बन पुढे-मागे सरकवून चार्जिंग कमी-जास्त करता येई. १९१९ पासून स्टार्टर आणि डायनामोसह मिळू लागलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये आणि नंतरच्या मॉडेल ए मध्ये हीच व्यवस्था होती. थंडीत दिवे जास्त वेळ लागतात, इंजिन सुरू व्हायला जोर लागतो, म्हणून कार्बन एका बाजूला सरकवायचा. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना तो परत मागे घ्यायचा, नाहीतर बॅटरी उकळायची. गाडीच्या मालकानं ऋतू बघून आपला डायनामो जुळवून घ्यायचा, अशी अपेक्षा होती. आज हे विचित्र वाटेल. पण घड्याळाला रोज चावी देणाऱ्या माणसाला ते विचित्र वाटलं नसणार.

या गाड्यांमध्ये लाल दिव्याच्या जागी अँपिअर मीटर असायचा. काटा एका बाजूला झुकला तर बॅटरी भरतेय, दुसऱ्या बाजूला झुकला तर रिकामी होतेय. दिवा फक्त 'आहे' किंवा 'नाही' म्हणतो, मीटर 'किती' ते सांगतो. मीटर वाचायला मात्र समज लागते. इंजिन मंद असताना काटा उणे बाजूला गेला तर घाबरायचं नाही, तेच चाळीसच्या वेगाला गेला तर थांबायचं. तिसऱ्या कार्बनचा एक मोठा दोषही होता. बॅटरीची वायर कुठे सैल झाली की डायनामोचा दाब वाटेल तसा चढायचा आणि दिव्यांचे बल्ब पटापट उडायचे, कारण या व्यवस्थेत दाब धरून ठेवायचं काम बॅटरीच करत असे. त्यामुळे त्या काळी बिघाड शोधताना पहिलं बोट जायचं ते बॅटरीच्या टोकांवर. बल्ब उडाले म्हणून बल्ब बदलणारा हमखास दुसऱ्यांदा फसायचा.

१९३० च्या दशकात दाब नियंत्रित करणारे रेग्युलेटर रुळले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीच्या वस्तू जवळजवळ प्रत्येक गाडीवर असायच्या. दिवा, भोंगा, डायनामो, सगळं त्यांचंच. लुकासवरचे अंधाराचे विनोद गाडीवेड्या मंडळींना पाठ असतील, ते इथे सांगत नाही. त्यांचा कंट्रोल बॉक्स म्हणजे काळ्या झाकणाखाली दोन छोटे विद्युतचुंबक. एक कटआऊट. डायनामोचा दाब साधारण १२.७ ते १३.३ व्होल्ट झाला की तो पॉइंट जोडून बॅटरीला वाट देतो, आणि इंजिन मंदावलं की वाट तोडतो. ती तोडली नाही तर बॅटरीच उलट डायनामोला मोटर समजून फिरवायला बघेल आणि जळेल तरी किंवा रिकामी तरी होईल. दुसरा रेग्युलेटर. तो सेकंदाला कित्येक वेळा थरथरत फील्डची वीज जोडत-तोडत राहतो आणि दाब आवाक्यात ठेवतो.

आता मॅन्युअलच्या पानांचा सूर पहिल्यांदा बदलतो. मॉडेल टी च्या काळात 'हे सरकवून बघा' असं मोकळेपणानं सांगितलं जायचं. लुकासच्या काळात काळ्या डब्याला हात लावण्याआधी बाकी सगळं तपासून घ्या असा दंडक आहे. आधी फॅनबेल्ट, अंगठ्यानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच ढिला असावा. मग बॅटरीची टोकं आणि अर्थ. मग डायनामो. मग डायनामोपासून डब्यापर्यंतच्या वायरी. हे सगळं ठीक निघालं तरच डबा. क्रम असा का? एक कारण सरळ आहे, सोप्या आणि वारंवार होणाऱ्या बिघाडापासून अवघडाकडे जायचं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डबा जुळवायला चांगला व्होल्टमीटर आणि हवेच्या तापमानाचा हिशोब लागतो, आणि वाचणाऱ्याकडे ते असेल याचा कंपनीला भरवसा नाही. म्हणजे कंपनीच्या डोळ्यांसमोर माणूस होता तो असा: हुशार, हातात पाना, पण उपकरणांनी गरीब. पन्नासच्या दशकातल्या छोट्या गॅरेजचं याहून नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणार?

या क्रमातली डायनामोची चाचणी मला फार आवडते, म्हणून ती नीट सांगते. डायनामोच्या पाठीवर दोन टोकं असतात, मोठं 'डी' आणि छोटं 'एफ'. डी मधून वीज बाहेर येते, एफ मधून फील्डला जाते. दोन्ही वायरी काढायच्या. त्या दोन टोकांना तांब्याच्या तुकड्यानं एकमेकांशी जोडायचं. व्होल्टमीटरचं एक टोक तिथे, दुसरं डायनामोच्या धातूच्या अंगाला. इंजिन सुरू करून हळूहळू वेग वाढवायचा, साधारण हजार फेऱ्यांपर्यंत. काटा न अडखळता भराभर चढला तर डायनामो चांगला आहे. वीस व्होल्टच्या वर मात्र जाऊ द्यायचा नाही, कारण आता त्याला आवरणारं कुणी नाही.

काटा हललाच नाही, तर कार्बन बघा. घासून आखूड झाले असतील किंवा खाचेत अडकले असतील. चार-पाच व्होल्टवर रेंगाळला, तर संशय आर्मेचरवर. आणि अर्धा ते एक व्होल्टच दिसला, तर फील्ड कॉइल तुटली असण्याची शक्यता.

हा अर्धा व्होल्ट कुठून येतो? फील्डमध्ये वीजच जात नसेल तर चुंबकत्व नाही, मग शून्यच दिसायला हवं. पण डायनामोच्या आतल्या लोखंडात आधीच्या फिरण्यातून थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. तेवढ्यावर आर्मेचर फिरलं की अर्धा-एक व्होल्ट निघतो. निरोगी डायनामो रोज सकाळी याच उरलेल्या चुंबकत्वावर सुरू होतो. तो अर्धा व्होल्ट फील्डमध्ये जातो, चुंबकत्व थोडं वाढतं, त्यानं दाब वाढतो, त्यानं पुन्हा चुंबकत्व, असं चढत जातं. फील्ड तुटलेली असेल तर ही साखळी पहिल्या पायरीवरच थांबते आणि मीटरवर फक्त ती पहिली पायरी दिसते. चाळीस वर्षं गोदामात पडून राहिलेल्या डायनामोतलं हे चुंबकत्व कधीकधी पार नाहीसं होतं, किंवा उलट्या दिशेचं होऊन बसतं. मग रेग्युलेटरकडची वायर काढून एफ टोकाला बॅटरीच्या चालू टोकाची वायर क्षणभर टेकवायची. छोटी ठिणगी पडते आणि लोखंडाला पुन्हा दिशा मिळते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थला असे. अशी गाडी ऋण अर्थला फिरवली तरी हे करावंच लागतं, आणि ते विसरणारे 'नवीन डायनामो टाकला तरी चार्ज होत नाही' म्हणत हिंडतात.

या चाचणीत महागडं उपकरण एकच, साधा व्होल्टमीटर. बाकी तांब्याचा तुकडा आणि समज.

आता आपल्याकडे येऊ. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं, की टप्प्याटप्प्यानं इथेच उत्पादन करण्याची तयारी नसेल तर नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. उरलेल्यांत उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, जिची अँबॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, आणि कुर्ल्याची प्रीमियर, जिची फियाट पुढे पद्मिनी झाली. विजेच्या भागांसाठी १९६१ मध्ये मद्रासजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस उभी राहिली. मिस्त्रीला मात्र दोन भाषा याव्या लागत. मॉरिसच्या डायनामोवर डी आणि एफ, तर फियाटच्या इटालियन डायनामोवर अक्षरांऐवजी आकडे, ५१ आणि ६७.

रस्त्यावर काय होत होतं, त्याचा हिशोब करून बघू. या पिढीचा लुकास डायनामो पूर्ण वेगात एकोणीस ते बावीस अँपिअर देई. रात्री पावसात गाडी चालवायची तर दोन हेडलाइट मिळून साधारण नव्वद वॉट, म्हणजे साडेसात अँपिअर. पार्किंग, टेल आणि नंबरप्लेटचे मिळून दोन-अडीच. ठिणगीची कॉइल दोन-तीन, वायपर तेवढाच. ब्रेक दाबला की मागचे दोन दिवे आणखी तीन-साडेतीन. भोंगा वेगळाच, आणि मुंबईत भोंगा हा काही कधीतरीचा खर्च नाही. म्हणजे खर्च पंधरा अँपिअरच्या पुढे. वेगात असताना जमा जेमतेम भारी पडते. पण सिग्नलला उभं राहिलं की इंजिन मंद आणि डायनामोकडून जवळपास काहीच नाही. कटआऊटनं वाट तोडलेली, सगळा भार बॅटरीवर. जुने ड्रायव्हर सिग्नलला हेडलाइट बंद का करत, याचं उत्तर या बेरजेत आहे. आणि सकाळी टॅक्सीला धक्का का मारावा लागे, याचंही.

दुरुस्तीच्या कौशल्याचा मोठा भाग या अपुरेपणातून जन्माला आला असं माझं म्हणणं आहे. डायनामो भरपूर वीज देणारा असता, तर कार्बन दोन मिलिमीटर झिजले हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तो काठावर चालत होता, म्हणून छोटासा दोषही दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी करायचा. आपण 'जुन्या मिस्त्रींचं कसब' म्हणतो तेव्हा यंत्राची ही कमतरता त्या कसबामागे होती हे विसरतो. कसब खोटं नव्हतं, पण ते हवेत तयार झालं नव्हतं.

आता 'जुगाड' या शब्दाबद्दल. भारतीय दुरुस्तीवर इंग्रजीत जे लिहिलं जातं त्यात हा शब्द हमखास येतो. रस्त्याकडेला बसलेला मिस्त्री, हातात मोडका हॅकसॉ ब्लेड, समोर आर्मेचर, आणि खाली ओळ: बघा भारतीय जुगाड! तो ब्लेड घेऊन तो काय करत असतो ते सांगते. कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं एक गोल नळकांडं, दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रक. तांबं मऊ, अभ्रक कठीण. कार्बन घासून घासून तांबं झिजतं आणि अभ्रक वर राहतं. मग कार्बन उड्या मारतात, ठिणग्या पडतात, चार्जिंग घसरतं. उपाय म्हणजे लेथवर तांबं थोडं साफ करायचं आणि मधलं अभ्रक कोरून खाली न्यायचं. कोरायला बारीक, नेमक्या रुंदीची करवत हवी. म्हणून हॅकसॉ ब्लेडचे दात दोन्ही बाजूंनी घासून अभ्रकाच्या जाडीइतके करायचे.

ही युक्ती कुर्ल्याची नाही. ब्रिटिश वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ती छापलेली आहे: अभ्रकाच्या जाडीइतका घासलेला हॅकसॉ ब्लेड घ्या आणि इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतकं खोल कोरा. कटआऊटचे पॉइंट बारीक काचकागदानंच साफ करा, एमरीनं कधीच नाही, हेही त्याच पुस्तकांतलं. मागच्या बुशिंगला तेलाचे दोन-चार थेंब, जास्त नको, हेही. म्हणजे जुगाड म्हणून ज्याचे फोटो काढले जातात ती कंपनीनं सांगितलेली रीत आहे. बर्मिंगहॅमजवळच्या गॅरेजमध्ये १९५५ साली हेच चाललं होतं. फरक एवढाच, की तिथे थोड्याच वर्षांत दुरुस्त करून ठेवलेला डायनामो अदलाबदलीनं मिळू लागला, आणि पुढे डायनामोच गेला. इथे आयातीवर निर्बंध, गाड्या मोजक्या आणि त्या वीस-वीस वर्षं चालवायच्या, म्हणून पुस्तकातलं ते पान जास्त काळ कामाचं राहिलं. त्याला 'आपली उपजत कल्पकता' म्हणणं गोड वाटतं खरं. पण त्यानं मिस्त्रीचं शिक्षण पुसलं जातं. तो मनानं काही करत नव्हता, तो शिकलेलं करत होता. पुस्तक त्यानं वाचलं नसेल, त्याच्या उस्तादानंही नसेल, पण त्या साखळीच्या सुरुवातीला कुठेतरी कुणीतरी ते पान उघडलं असणार. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण याच साखळीच्या मागे आहे.

सूर दुसऱ्यांदा बदलला तो अल्टरनेटरमुळे. कल्पना जुनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोलिसांच्या वगैरे गाड्यांवर मोठे सेलेनियम रेक्टिफायर लावून अल्टरनेटर वापरले जात. पण घरगुती गाडीत तो परवडायला सिलिकॉन डायोड स्वस्त व्हावे लागले. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटवर तो सरसकट आला. ब्रिटनच्या एमजीबीवर १९६७ च्या शेवटी आला, आणि त्याच वेळी ती गाडी ऋण अर्थवर गेली. अल्टरनेटर मंद इंजिनवरही चार्ज करतो. कटआऊट लागत नाही, कारण डायोड उलटा प्रवाह जाऊच देत नाहीत. सिग्नलचा प्रश्न मिटला. ज्यांनी पावसाळ्यात रात्री गाड्या ढकलल्या त्यांना विचारा, डायनामो गेल्याचं दुःख किती झालं ते.

पण बिघाड आता वेगळ्या जागी राहायला गेला. घासलेला कार्बन दिसतो, काळा पॉइंट दिसतो, जळलेल्या आर्मेचरचा वास येतो. मेलेला डायोड चांगल्या डायोडसारखाच दिसतो. मॅन्युअलमधली पानंही आखूड होत गेली. चाचणी, आणि मग 'बदला'.

सर्वात मोठा घोटाळा सवयींचा झाला. डायनामोच्या काळची एक लोकप्रिय तपासणी होती. इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढायची, इंजिन चालू राहिलं तर डायनामो ठीक. खरं तर डायनामोलाही ही चाचणी चांगली नव्हती, पण तो बहुधा सोसायचा. अल्टरनेटरवर हेच केलं तर दाब क्षणात उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जाऊ शकतो. म्हणजे ज्याला तपासायचं त्यालाच तपासणीनं मारलं. वायर अर्थला टेकवून ठिणगी बघणं, घाईत बॅटरी उलटी जोडणं, यांचंही तसंच. डायनामो उलट दिशा पकडून चालू लागेल, डायोड तत्काळ जळेल. वीस वर्षं उपयोगी पडलेलं ज्ञान एका वर्षात धोक्याचं झालं, आणि हे मिस्त्रीला सांगायला कुणी आलं नाही.

लाल दिव्याचंही स्थान बदललं. डायनामोच्या गाडीत तो नुसता साक्षीदार होता. बल्ब गेला तरी चार्जिंग चालू राहायचं. अनेक अल्टरनेटरमध्ये मात्र सुरुवातीचं चुंबकत्व देणारा प्रवाह याच बल्बमधून जातो. बल्ब गेला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन खूप पळवल्यावर होतो. जुन्या गाडीला अल्टरनेटर बसवून घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. हौसेनं त्या जागी एलईडी लावला, की तो इतका कमी प्रवाह घेतो की चार्जिंग सुरूच होत नाही, आणि लोक अल्टरनेटरला शिव्या देतात. एलईडीला समांतर योग्य मूल्याचा रेझिस्टर टाकला की प्रश्न सुटतो.

सध्या असं रूपांतर बरेच जण करतात. बाहेरून डायनामोचं कवच आणि आत अल्टरनेटर, असेही प्रकार मिळतात. काळ्या डब्याचं झाकण जुनं आणि आत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. गाडी रोज चालवायची असेल तर मी याला विरोध करणार नाही. पण काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. मूळ वायरी कुठून कुठे जात होत्या त्याचा एक साधा कागदी नकाशा काढून त्याच डब्यात ठेवा, कारण पुढच्या मालकाला गाडी मूळ अवस्थेत आणायची झाली तर याच दोन गोष्टी मिळत नाहीत.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हा खूप लिहिलं गेलं, बहुतेक छतावरच्या कॅरियरबद्दल आणि आतल्या रंगीबेरंगी कापडाबद्दल. त्या गाड्या रोज सकाळी सुरू करून देणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनबद्दल मला फारसं काही वाचायला मिळालं नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी, गॅरेजमध्ये, मामांच्या किंवा काकांच्या कपाटात जुनं वर्कशॉप मॅन्युअल असेल, अँबॅसेडर, फियाट, स्टँडर्ड, जीप, कुठलंही, तर रद्दीत देण्याआधी विजेचं प्रकरण उघडून बघा. कुठल्या पानावर ग्रीसचे अंगठे जास्त आहेत? समासात पेन्सिलनं काही लिहिलंय का, मराठीत, गुजरातीत, उर्दूत? व्होल्टचे आकडे खोडून दुसरे घातलेत का? असं काही दिसलं तर त्या पानाचा फोटो काढून मला जरूर पाठवा. कोरी, स्वच्छ प्रत ग्रंथालयात मिळते. मला डागाळलेली हवी आहे.